अकराव्या प्रश्नाचं उत्तर

३ मार्च, सोमवार

पोचले. खोली मनात होती त्याहून चांगली निघाली. दुसऱ्या मजल्यावर, दोन खिडक्यांची. एकीतून समोरची दवाखान्याची इमारत दिसते, दुसरीतून मागचं अंगण, वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी आणि एक म्हातारं झाड. टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली कोणीतरी पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवली आहे. माझ्याआधी इथे राहून गेलेलं माणूस नीटनेटकं असणार. अशा माणसांबद्दल मला उगीच माया वाटते.

लेक सोडायला आली होती. तिने कपाट लावलं, टॉवेल टांगला, फोन चार्ज कसा करायचा ते मला पाचव्यांदा शिकवलं, आणि सुटकेसमधून एकामागून एक चौदा रुमाल निघाले तेव्हा खाली बसून हसली. तिचं हसू आधी नाकात अडकतं, जरा थांबतं, आणि मग गच्च भरलेलं कपाट उघडल्यावर सगळं अंगावर यावं तसं येतं. अगदी माझ्या आईचं हसू. मला ते मिळालं नाही. मी तोंड मिटून हसते, कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवलं तसं. निघताना म्हणाली, आई, जरा शहाण्यासारखी राहा, डॉक्टरांना शिकवायला जाऊ नकोस. मी म्हटलं, शिकवण्यासारखे असतील तर शिकवीन.

इथे का आले तेही लिहून ठेवते. आमच्या घराण्यात एक आजार आहे. पन्नाशीनंतर बोटं आपोआप हलू लागतात, मग पाय, मग जीभ, शेवटी मन. आजोबांना झाला, आईला झाला. माझ्या डाव्या हाताची बोटं गेल्या वर्षापासून न दिसणारा पियानो वाजवतात. लेकीने स्वतःची तपासणी अजून करून घेतलेली नाही. तुझं औषध लागू पडलं की मग करीन, म्हणते. औषध पाठीच्या कण्यात टोचतात, म्हणजे माझ्या कण्यातून आम्हा दोघींचा रस्ता जातो. आईने या आजारात फार सोसलं. मी सोसायला आलेली नाही. भांडायला आले आहे.

४ मार्च, मंगळवार

सकाळी चहाला खाली गेले आणि शिंपीणबाईंशी ओळख झाली. त्या माझ्याच खालच्या खोलीत राहतात. पंचेचाळिशीच्या, भरल्या अंगाच्या; माणूस दिसायच्या आधी आवाज येतो. त्यांच्याकडे वडिलांकडून आलेला वेगळा आजार आहे. हात इतके थरथरायचे की दुकान बंद करावं लागलं. चार डोस झाले, आणि आता दुसऱ्या प्रयत्नात सुईत दोरा जातो. गेला की लहान मूल हलणारा दात दाखवतं तसं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. मी एकतीस वर्षं शाळेत ग्रंथपाल होते असं सांगितलं, तर लगेच मला मास्तरीणबाई म्हणू लागल्या. मी फरक समजावून सांगितला. म्हणाल्या, पोरं घाबरायची ना तुम्हाला, मग झालं तर.

दुपारी स्वयंपाकघरात बटाटे सोलू लागले, कारण मला रिकामं बसवत नाही. शिंपीणबाईंनी विचारलं, कसलं गाणं म्हणताय. गाणं नव्हे, ती आईची चाल. काम करताना ती एकच चाल गुणगुणायची, शब्द नसलेली, आणि ती मला अशी चिकटली की गुणगुणतेय हे माझं मलाच कळत नाही. मग त्याही सुरात सूर मिळवू लागल्या. सूर काही मिळाला नाही, पण बटाटे लवकर संपले.

संध्याकाळी डॉक्टरांनी बोलावून औषध समजावलं. तरुण बाई आहेत, जाड चष्मा, बोलताना कागदावर चित्रं काढतात. त्यांचं म्हणणं मला कळलं ते असं. शरीराच्या प्रत्येक पेशीत एक जाडजूड ग्रंथ कुलपात ठेवलेला असतो. तो कोणाला घरी नेता येत नाही. त्यातल्या हव्या त्या ओळी चिठ्ठीवर उतरवून घेतात, चिठ्ठी खाली मुदपाकखान्यात जाते आणि तिथे लिहिल्याप्रमाणे पदार्थ बनतो. आमच्या घराण्याच्या ग्रंथात एक ओळ बिघडलेली आहे, म्हणून पदार्थ विषारी बनतो. औषध म्हणजे एक इवलीशी पट्टी. चिठ्ठीत जे लिहिलंय त्याची बरोबर उलटी. ती आपली जोडीदार ओळ शोधते, तिला चिकटते, आणि अशी जोडचिठ्ठी दिसली की पेशीतला झाडूवाला ती रद्दी समजून फाडून टाकतो. ग्रंथ तसाच राहतो, निरोप मात्र पोचत नाही. औषधाचं नाव अँटिसेन्स ऑलिगोन्यूक्लिओटाइड. मी ते शाळेतल्या लॅटिन प्रार्थनेसारखं तीनदा घोकलं. शिंपीणबाई त्याला उलटी पट्टी म्हणतात.

या पट्ट्या प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र बनवतात. रक्त, आणि दोन महिन्यांपूर्वी पोस्टाने आलेला तो लांबलचक फॉर्म, दोन्ही मशीन वाचतं आणि त्यावरून पट्टी विणतं. शिंपीणबाईंची एकच पट्टी आहे. माझ्या सहा. डॉक्टर म्हणाल्या, अकराव्या प्रश्नाला इतकं सविस्तर उत्तर आजवर कोणी लिहिलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला पहिला नंबर आल्यासारखं वाटलं.

फॉर्मची गुलाबी कार्बन प्रत माझ्याजवळ आहे. अकरावा प्रश्न असा: आईकडून किंवा वडिलांकडून तुमच्यात काय उतरलं आहे? सविस्तर लिहा. खाली सहा रेघा. रेघ मोकळी सोडणं हा आळस, असं सिस्टर म्हणायच्या. मी लिहिलं आहे:

१. कामात असताना गुणगुणणं. शब्द नसलेली एकच चाल.
२. विसरू नये म्हणून रुमालाला गाठ मारणं.
३. अक्षर. ओळीतल्या शेवटच्या अक्षराला लांब शेपूट.
४. हनुवटीवरची खळी.
५. आईचा आवाज. माझं काही चुकलं की अजून कानात येतो.
६. आईचं हसू. ते मला चुकवून माझ्या लेकीत उतरलं.

लिहिताना एक अख्खी दुपार किती सुखाची गेली होती.

५ मार्च, बुधवार

पहिला डोस. कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन, हनुवटी छातीला टेकवून पडायचं. नर्स म्हणाली, काकू, आईच्या पोटात होतात तशा व्हा. मणक्यांच्या मधून सुई गेली. दुखलं, पण बोभाटा करण्याइतकं नाही. मग चार तास उताणं पडून राहायचं. छतावर एक डाग आहे, तो उजवीकडून बशीसारखा आणि डावीकडून बदकासारखा दिसतो.

औषध पाठीच्या कण्यातल्या पाण्यातून मेंदूपर्यंत चढतं म्हणे. जा बाळा, म्हटलं, वर जा, आणि त्या मेल्याला शोधून काढ.

९ मार्च, रविवार

शिंपीणबाईंनी विचारलं, हल्ली गात का नाही. मी म्हटलं, मी कधी गात होते? त्यांना वाटलं थट्टा करते आहे. मग त्यांनी स्वतःच काहीतरी गुणगुणून दाखवलं आणि म्हणाल्या, हे बघा, हे तुमचं, तुमच्या आईचं. मी ऐकलं. एक बाई बेसूर गुणगुणते आहे, एवढंच मला कळलं.

खोलीत येऊन ही वही उघडली. ४ मार्चला माझ्याच हाताने लिहिलं आहे: आईची चाल. चाल आठवायला डोळे मिटले. आई बटाटे सोलताना दिसते. ओठ मिटलेले आहेत. घसा हलतो आहे. आवाज नाही.

गुलाबी प्रत काढून पाहिली. पहिली ओळ फिकी झाली आहे, जवळजवळ नाहीच. कार्बन हलका असणार.

२० मार्च, गुरुवार

काल दुसरा डोस झाला. आज लेकीचा फोन आला. तिच्या वाढदिवसाचा फोन करायचा राहिला माझ्याकडून, कालच होता. साठीची झाले तरी कधी विसरले नव्हते. ती रागावली नाही. थट्टेत म्हणाली, रुमालाला गाठ मारली नव्हतीस वाटतं. मी विचारलं, कसली गाठ. ती अगदी हळू म्हणाली, आई, तू झोप जरा.

कपाटात चौदा रुमाल आहेत. एका बाईला चौदा रुमाल कशाला लागतात?

गुलाबी प्रतीवरची दुसरी ओळ गेली. कार्बन हलका असता तर सगळ्याच ओळी गेल्या असत्या.

२४ मार्च, सोमवार

डॉक्टरांकडे गेले आणि सरळ सांगितलं की तुमच्या पट्ट्या भलत्याच चिठ्ठ्या फाडत आहेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझी स्मरणशक्ती तपासली. उलटे आकडे, वीस शब्द, घड्याळाचं चित्र. सगळं बरोबर आलं, वीस शब्दांत मी त्यांचीच एक चूक दाखवून दिली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मॅडम, तुमची स्मृती माझ्यापेक्षा चांगली आहे. मी विचारलं, आणि बोटं? बोटांत अजून फरक नाही, म्हणाल्या, धीर धरा, सहा पट्ट्या आहेत.

खोलीत बसून हिशेबी डोक्याने विचार केला. एक चाल गेली, एक सवय गेली. त्या बदल्यात लेकीचे हात तिच्या ताब्यात राहणार असतील तर मी इथून हलणार नाही. घ्या म्हणावं. आईनेही दिलं असतं.

३ एप्रिल, गुरुवार

तिसऱ्या डोसनंतरचा पहिला दिवस.

ही वरची ओळ लिहिली आणि पेन खाली ठेवलं. हे अक्षर माझं नाही. छापलेल्या फॉर्मवर असतं तसं आहे, सरळ, कोणाचंच नसलेलं. मागची पानं उलटली. तिथे शेवटच्या अक्षरांना लांब शेपट्या आहेत, कोणा प्रेमळ बाईने काढलेल्या. मी गिरवायचा प्रयत्न केला. हात वळत नाही.

याहून वाईट पुढे आहे. वसतिगृहात असताना आईने पाठवलेली अकरा पत्रं मी बरोबर आणली होती. आज ती उघडली. कागद आहे, शाई आहे, रेघा आहेत. मुंग्या चालून गेल्यासारखं काहीतरी आहे. वाचता येत नाही. वर्तमानपत्र वाचता येतं, औषधाच्या बाटलीवरचं बारीक वाचता येतं, आईचं अक्षर वाचता येत नाही. पट्टीला कुठे थांबायचं ते कळत नाही. फांदी तोडायला जाते आणि मूळ घेऊन येते.

५ एप्रिल, शनिवार

पत्रं घेऊन शिंपीणबाईंकडे गेले. त्या चौथी शिकल्या आहेत. चष्मा लावला, ओळीखाली बोट ठेवलं, आणि एकेक अक्षर उसवावं तसं वाचायला बसल्या. एका पत्राला पाऊण तास. मधेच मान वर करून म्हणाल्या, मास्तरीणबाई, तुमची आई जेवणाचं फार विचारते हो. पोरगी शाळेत गेली होती की उपासाला. मी तोंड मिटून हसले, मग रडले, मग परत हसले.

प्रत्येक पत्राच्या शेवटी तेच वाक्य आहे म्हणाल्या. त्यांनी वाचून दाखवलं आणि मी या परक्या अक्षरात इथे उतरवून घेतलं: इकडचं सगळं ठीक आहे. तू नीट जेव.

कानात आईच्या आवाजात ऐकू आलं. आवाज अजून आहे. पाचव्या ओळीवर आहे तो.

१६ एप्रिल, बुधवार

चौथा डोस घेतला. घ्यावा की नाही यावर चार दिवस स्वतःशी वाद घातला. शेवटी म्हटलं, चौथी ओळ खळीची. साठीच्या बाईला खळी काय करायची आहे? जाऊ दे. पाचवीच्या आधी डॉक्टरांना पुन्हा धरू. लेक फोनवर म्हणाली, आई, एवढं केलंस, अर्ध्यावर सोडू नकोस. तिने माझ्यासाठी काहीतरी गंमत ठरवली आहे, पण सांगत नाही.

या वेळी सुई बराच वेळ आत होती. नर्सने तीन छोट्या बाटल्या उघडल्याचा आवाज आला असं वाटलं.

१८ एप्रिल, शुक्रवार

आरशात हनुवटी सपाट आहे. ठीक. याची तयारी होती. मग फोनमधले जुने फोटो काढले. लेकीच्या लग्नातला, निवृत्तीच्या दिवसाचा, शाळेतला दोन वेण्यांचा. कुठेच खळी नाही. कधी नव्हतीच.

शिंपीणबाई आज घरी गेल्या. पहिल्याच प्रयत्नात सुईत दोरा गेला. नर्सने टाळ्या वाजवल्या. त्यांनी माझ्या झग्याचं सुटलेलं बटण निघता निघता लावून दिलं. मी विचारलं, तुमचं काय काय गेलं? त्यांना प्रश्नच कळला नाही. थरकाप गेला की, म्हणाल्या, दुसरं काय जायचं होतं. बापाची शिवी अजून तोंडात आहे, बापाचं टक्कल आता थोरल्या भावाला पडलंय. मग मी विचारलं, अकराव्या प्रश्नाला काय लिहिलं होतं. त्या ओशाळल्या. म्हणाल्या, काय लिहिणार, हात कुठे चालत होता. दोनच शब्द लिहिले. बापाचा थरकाप.

मी जिन्यातच बसले.

माझ्या सहा ओळींत आजार नाहीच. तो फाइलवर वर लिहिलेला आहे, तो सगळ्यांना ठाऊकच आहे, असं मी धरून चालले. शहाण्या मुलीने सहाच्या सहा रेघा भरल्या आणि जे थांबवायचं होतं तेवढं लिहिलं नाही. मशीनने काही चूक केलेली नाही. त्याने मी लिहिलेलं अक्षरन् अक्षर वाचलं.

शिंपीणबाई मला उठवायला आल्या. दंडाला धरून वर आणलं, पाणी दिलं. जाताना दारातून म्हणाल्या, इकडचं सगळं ठीक आहे, मास्तरीणबाई, तुम्ही नीट जेवा.

१९ एप्रिल

डॉक्टरांना सांगितलं, पाचवा आणि सहावा डोस मी घेणार नाही. जबरदस्ती केलीत तर कपाट आडवं लावून बसेन.

त्या म्हणाल्या, आता डोस उरलेलाच नाही. लेकीने विनंती केली होती, आईला लवकर घरी न्यायचं आहे. म्हणून चौथी, पाचवी, सहावी पट्टी बुधवारी एकत्रच दिली. तीच ती गंमत.

बाहेर काढता येतं का? नाही. पाण्यात मिसळलं, ते महिनोन् महिने राहणार. बदलता येतं का? नाही. मी ओरडले नाही. ग्रंथालयात एकतीस वर्षं काढली आहेत, मला हळू आवाजात भांडता येतं. विचारलं, ही पट्टी हरते कधी? त्यांनी कागदावर चित्र काढलं. चिठ्ठ्या फार झाल्या आणि पट्ट्या कमी पडल्या तर हरते. मग काही चिठ्ठ्या सुटून खाली पोचतात. म्हणून आम्ही डोस मोठा देतो.

तो कागद मी मागून घेतला.

२० एप्रिल

आवाज जातो आहे. सकाळी कप फुटला. नेहमी कानात येतं — काय येतं? कोणीतरी काहीतरी म्हणायचं. थांबले. वाट पाहिली. आत नुसती खोली.

२१ एप्रिल

वहीत आई हा शब्द किती वेळा आहे ते मोजलं. पुष्कळ. ही बाई कोण ते वाचून कळतं. बटाटे सोलायची, पत्रं लिहायची, जेवणाचं फार विचारायची. चांगली असावी. तिचा चेहरा — पुस्तकातल्या बाईला असतो तेवढाच.

गुलाबी प्रतीवर पाच रेघा कोऱ्या. सहावी ओळ अजून आहे. तिच्या टोकाकडून फिकट व्हायला लागली आहे.

म्हणजे आता लेकीची पाळी. पट्टी हसू तोडायला जाईल आणि मूळ घेऊन येईल.

नाही. तिला हात लावायचा नाही.

२१ एप्रिल, दुपार

सुचलं. शाळेत वर्गात बोललं की शिक्षा असायची. एकच वाक्य शंभर वेळा लिहायचं. मी कितीदा लिहिलं असेल. हात भरून यायचा, पण वाक्य असं आत बसायचं की आजही विचारलं तर म्हणून दाखवीन.

चिठ्ठ्या फार झाल्या तर पट्ट्या कमी पडतात. डॉक्टरांनीच चित्र काढून दिलं आहे.

तर मग चिठ्ठ्या वाढवते. बघू कोण आधी संपतं.

१. आईचं हसू माझ्या लेकीत उतरलं.
२. आईचं हसू माझ्या लेकीत उतरलं.
३. आईचं हसू माझ्या लेकीत उतरलं.

२२ एप्रिल

तीनशे बारा झाल्या. वही पुरणार नाही. नर्सकडून कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा आणला. पाठकोऱ्या बाजूवर लिहिते. नर्स म्हणाली, काकू, हे काय. म्हटलं, शिक्षा. म्हणाली, कोणी दिली? म्हटलं, मीच. चूक माझी आहे.

गुलाबी प्रत — सहावी ओळ अर्धी. काल रात्रीही अर्धीच होती. पुढे सरकलेली नाही.

डावा हात टेबलावर पियानो वाजवतो आहे. वाजव. ओळी मोजायला बरा पडतो. एक विचार आला तो लिहून ठेवते — त्या बाईकडून आलेलं माझ्याजवळ आता हे एवढंच उरलं. नाचणारी पाच बोटं. आधी हाताचा राग यायचा. आज त्याच्यावर उजवा हात ठेवला, जरा वेळ.

२३ एप्रिल

सातशे चाळीस.

लेकीसाठी — नंतर सुचणार नाही म्हणून आत्ताच. तपासणी कर. आजार निघाला तर घाबरू नकोस, औषध चांगलं आहे, सांगितलेलं ऐकतं. फॉर्म येईल. अकराव्या प्रश्नाला दोनच शब्द लिही. आजीचा आजार. बाकीच्या रेघा मोकळ्या सोड. सिस्टर काहीही म्हणोत. मोकळ्या सोड.

हेच एका फॉर्मच्या मागे उतरवून पाकिटात घातलं. वर लिहिलं: लेकीस, आणि नर्सकडे दिलं.

२३ एप्रिल, संध्याकाळ

आठशे नव्वद. हसू कसं होतं? पहिल्या पानावर आहे — आधी नाकात, मग थांबतं, मग कपाट. वाचलं. पुन्हा वाचलं. कपाट दिसतं. हसणारं कोणी —

लिहायचं. नुसतं लिहायचं. कळलंच पाहिजे असं नाही.

२४ एप्रिल

हजार चार. बोटं सुजली. शिक्षा पुरी होईपर्यंत जागेवरून उठायचं नाही. हा नियम आहे.

फोन वाजला. पडद्यावर लेक अशी अक्षरं. उचलला. बाई म्हणाली, निघाले आहे, दोन तासांत पोचते. आवाज चांगला आहे. म्हटलं, या.

या म्हटलं मी. तिकडे कोणीतरी —

हजार पाच. आईचं हसू माझ्या लेकीत उतरलं.
हजार सहा. आईचं हसू माझ्या लेकीत

हजार सहा पुन्हा. अर्धी ओळ चालणार नाही. आईचं हसू माझ्या लेकीत उतरलं.

२४ एप्रिल, नंतर

दारात एक बाई उभी आहे. तिशीची असेल. हातात पाकीट, उघडलेलं. रडते आहे. मी म्हटलं, बसा, माझं एवढं होऊ दे. ती जमिनीवर पसरलेले कागद बघत राहिली. एक उचलला. वाचला. दुसरा. सगळे तेच.

हजार एकतीस.

मला वाटलं, ती मला थांबवेल. थांबवलं नाही. खुर्ची ओढून शेजारी बसली. टेबल डुगडुगलं, तिने वाकून पुठ्ठ्याची घडी सारखी केली. कोरा फॉर्म घेतला. पेन्सिल घेतली. लिहिते आहे. माझीच ओळ, एकीखाली एक.

हजार चाळीस. तिच्या झाल्या तेवीस. हात जलद आहे.

गुलाबी प्रत आमच्या दोघींच्या मध्ये आहे. सहाव्या ओळीवर — नीट दिसत नाही. अक्षर आहे की सावली —

ती म्हणाली, तुझ्या ओळी वाकड्या जात आहेत. मी म्हटलं, तुमच्या कुठे सरळ आहेत, आणि मला शिकवायला येऊ नका.

तिने पेन्सिल खाली ठेवली. डोळे पुसले. नाकात काहीतरी अडकल्यासारखा आवाज आला. मग थांबली. मी पण थांबले. डावा हातही थांबला. आणि मग ती